सापळा भरलेला, तरी पेरूत अळी

मोहोळ तालुक्यात आमचा एक एकर पेरू आहे. बांधाला मांडवावर कारली, आणि ओढ्याकडच्या बाजूला बोराची पंधरा झाडं. सलग तीन पावसाळे एकच रडगाणं. जुलैत पेरूचा हिरवा रंग उतरायला लागला की फळावर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका दिसायचा, चार दिवसांत त्याभोवती मऊ पडायचं, आणि कापलं की आत वळवळ. सोलापूरच्या मार्केट यार्डात आडत्याने पेटीतला एक पेरू उचलून अंगठ्याने दाबला आणि म्हणाला, "मालक, आत पाव्हणे हायत." भाव निम्म्यावर आला.

हे काम फळमाशीचं, एवढं माहीत होतं. आणि तिचे सापळे होते की! एकरात सहा, माशीला ओढणाऱ्या गंधाच्या वड्या वेळेवर बदललेल्या. रोज सकाळी डबा उघडला की मूठभर माशा मेलेल्या. आबांना ते बघून समाधान वाटायचं. मला पहिली दोन वर्षं तसंच वाटलं. तिसऱ्या वर्षी सगळ्यांत जास्त माशा सापडल्या आणि सगळ्यांत जास्त फळ सडलं. मग वडीच बोगस असणार असं धरून दुकान बदललं, फवारणीचं औषध बदललं, पंप बदलला. अळी तीच.

तुमचीही तक्रार हीच असेल तर आम्ही कुठे कुठे चुकलो ते सांगतो. औषधाच्या नावांपेक्षा माशीच्या सवयींबद्दलच जास्त बोलणार आहे, कारण आमची गाडी तिथेच अडली होती.

अळी कुणाची, हे आधी बघा

लोणच्याची रिकामी बरणी घ्या. तळाला चार बोटं चाळलेली ओलसर माती घाला, त्यावर किडलेलं फळ ठेवा, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं रबराने बांधा आणि बरणी सावलीत ठेवून द्या. आठवड्याभरात अळ्या फळातून उतरून मातीत शिरतात आणि तिथे गव्हाच्या दाण्यासारखे तपकिरी कोष होतात. पुढे आठ-दहा दिवसांत माशा बाहेर येतात. खर्च शून्य. मी मात्र हे तीन वर्षांनी केलं.

मी चार बरण्या लावल्या होत्या: पेरू, कारलं, आमच्याच वस्तीवरच्या देशी बदामाची खाली पडलेली फळं, आणि चौथी पुढे नोव्हेंबरात, बोरांची.

पेरूतून निघाली ती काळपट पाठीची, पाठीच्या दोन्ही कडांना पिवळा पट्टा आणि पोटावर टी-सारखी काळी खूण असलेली माशी. पुस्तकात तिचं नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. सोबत थोड्या तांबूस माशाही होत्या, पंखाच्या टोकाला फक्त एक छोटा ठिपका असलेल्या. ती तिचीच बहीण, बॅक्ट्रोसेरा झोनाटा. कारल्यातली वेगळी: अंग तांबूस-तपकिरी, पाठीवर मधोमध तिसरा पिवळा पट्टा, पंखावर डाग जास्त. ही काकडीवर्गातल्या वेलींची माशी. बोरातली त्याहून निराळी: लहान, पिवळसर, पाठीवर काळे ठिपके, पंखांवर आडवे पट्टे. तिचं नाव कार्पोमाया. आणि बदामाच्या बरणीतून जी निघाली, ती बघून मी डोक्यालाच हात लावला. पण ते पुढे.

इथे एक फाटा फोडतो. सडलेल्या फळावर लाल डोळ्यांची बारीक चिलटं घोंगावतात, त्यांनाही इंग्रजीत फळमाशीच म्हणतात. त्यामुळे नेटवर शोधलं की व्हिनेगरच्या बाटलीचा सापळा सांगणारे शंभर व्हिडिओ येतात. ते चिलटांसाठी ठीक. चिलटाचं घराणंच वेगळं. ते आंबलेल्या, यीस्ट चढलेल्या फळावर अंडी घालतं, म्हणून त्याला आंबूस वास लागतो. धडधाकट पेरूची साल ते फोडू शकत नाही. आपल्या माशीच्या शेपटाला सुईसारखी नळी असते आणि ती झाडावरच्या चांगल्या फळात अंडी टोचते. व्हिनेगरची बाटली बागेत टांगून मी एक महिना वाया घालवला, तुम्ही घालवू नका.

डाळिंबवाल्यांनाही दोन शब्द. सांगोल्याकडचे मित्र डाळिंबावरच्या प्रत्येक भोकाला फळमाशी म्हणतात. भोकातून विष्ठा बाहेर येत असेल तर ती फळ पोखरणारी सुरसा अळी, एका फुलपाखराची. पावसाळ्यानंतर रात्रीत टाचणीएवढं भोक पडून भोवती गोल सडत असेल तर रस शोषणारा पतंग. डाळिंबाची साल जाड आणि चिवट असते, फळमाशीला ते तडकलं की वाट मिळते. म्हणजे तिथे इलाज फळ तडकू न देणाऱ्या, नियमित पाण्याच्या पाळीत आहे. शंका असेल तर सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहेच, फळ घेऊन जा.

सापळ्यात कोण मरतं

आमचा सगळ्यांत मोठा गैरसमज इथे होता. पेरूच्या सापळ्यातल्या वडीत मिथाइल युजेनॉल नावाचं गंधद्रव्य असतं, आणि त्याला फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी तिकडे ढुंकूनही बघत नाही.

ही गोष्ट काही आजकालची नाही. बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट नावाचा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होता. कुणी तरी डास पळवायला रुमालावर सिट्रोनेला तेल टाकलं, तर डास राहिले बाजूला आणि या माशाच येऊन बसल्या. त्याने बघितलं तर सगळे नर. १९१५ सालापर्यंत त्याने त्यामागचा घटक मिथाइल युजेनॉल असल्याचं शोधून काढलं होतं. आपल्या अंगणातल्या तुळशीतही तो असतो. तुळशीचा पाला चुरगाळून ठेवला की तासाभरात दोन-चार माशा पानं चाटताना दिसतात, करून बघा. नर ते चाटून पोटात घेतो, त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतो, आणि मग त्याचं लग्न लवकर जमतं. आमच्या घरी यावर बरेच विनोद झाले.

आता हिशेब बघा. एक नर अनेक माद्यांना पुरतो. सापळ्याने शंभरातले ऐंशी नर मारले तरी उरलेले वीस काम भागवतात. नर इतके कमी व्हायला हवेत की मादीला जोडीदारच मिळू नये, आणि ते सगळ्या शिवाराने एकदम सापळे लावले तरच होतं. एकट्याच्या एका एकरात शेजारून आधीच फळलेली मादी उडत येते. तिला तुमच्या सापळ्याशी काही देणंघेणं नाही. शिवाय वडीचा वास लांबवर जातो, म्हणजे डब्यातले निम्मे नर तर पाहुणेच. डबा भरला म्हणजे शिवारात माशी आहे, एवढाच त्याचा अर्थ. सापळा काढू नका. पण त्याला पंचांग समजा: माशा अचानक वाढल्या की पुढच्या आठवड्यात काय करायचं ते ठरवा.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. कारल्यातही आम्ही तीच पेरूची वडी टांगली होती. वेलवर्गाच्या माशीचा नर मिथाइल युजेनॉलला येत नाही, त्याला क्यू-ल्युअर नावाच्या दुसऱ्या गंधाची वडी लागते. दुकानात दोन्ही वड्या एकसारख्याच दिसतात, म्हणून पाकिटावरचं पीक वाचून घ्या. आणि बोराची माशी या दोन्ही वड्यांना भीक घालत नाही. बोराच्या बागेत सापळा रिकामा, म्हणजे बाग स्वच्छ, असं मानून आम्ही दोन हंगाम निर्धास्त होतो.

मादी फळ कसं निवडते

एका दुपारी तीनच्या सुमारास मी पेरूखाली बादली पालथी घालून बसलो. वारा पडलेला, ऊन-सावली. एक मादी रंग उतरायला लागलेल्या फळावर उतरली. आधी फळभर फिरली, तोंडाने सालीला टेकत, थांबत. दोनदा उडून परत तिथेच आली. मग देठाच्या बाजूला, जिथे दुसऱ्या फळाला घासून बारीक ओरखडा पडला होता, तिथे थांबली. पोट खाली वाकवलं, शेपटाची सुई लांबली आणि सालीत गेली. दोन-तीन मिनिटं ती जागची हलली नाही. मी बोट जवळ नेलं तरी उडाली नाही. सुई काढली तेव्हा तिथे रसाचा एक थेंब आला. ती गेल्यावर दहा मिनिटांत दुसरी आली आणि त्याच भोकावर बसली. आयतं घर कुणाला नको असतं?

ते फळ ब्लेडने सोललं. सालीखाली पांढरी, तांदळाच्या कणीसारखी किंचित वाकडी अंडी, जेमतेम मिलिमीटरभर लांब, एकाला एक चिकटून. मोजली तर अकरा. पावसाळी हवेत एक-दोन दिवसांत ती फुटतात. म्हणजे टोचा दिसल्यावर वरून फवारलेलं बहुतेक औषध सालीवरच राहतं, आत अळीचं जेवण चालू असतं. आमच्या फवारण्या का वाया गेल्या, ते त्या दुपारी कळलं.

तिन्ही माशांची आवड वेगवेगळी आहे, आणि माझ्या मते पूर्ण इलाज या एका गोष्टीवर उभा आहे. पेरूची माशी भरलेलं, पिकायला आलेलं फळ शोधते. गडद हिरव्या, टणक पेरूकडे ती सहसा वळत नाही. रंग फिका झाला, वास सुटला, साल मऊ झाली की तिची वेळ आली. कारल्याची माशी उलट, तिला कोवळं लागतं. फुल गळून दोन-चार दिवस झालेल्या कारल्यात, कधी तर फुलातच टोचते. म्हणून कारलं वाकडं होतं, एका बाजूने पिवळं पडून गळतं. बोराची माशी वाढत्या हिरव्या बोरात अंडी घालते आणि अळी आत गराला लागते. बोर पिकेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग ऐन संक्रांतीत बोरन्हाणाला आणलेल्या बोरांतून अळी निघाली की शेतकऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

आम्ही तिन्ही पिकांवर एकाच दिवशी एकच फवारणी मारत होतो. पेरूला ती लवकर व्हायची, बोराला उशिरा, आणि कारल्याला तर वरातीमागून घोडं.

बदामाचं झाड

आता ती तिसरी बरणी. वस्तीवर विहिरीजवळ देशी बदामाचं मोठं झाड आहे. उन्हाळा संपता संपता त्याच्या फळांचा खाली सडा पडतो, पोरं दगडाने फोडून आतली बी खातात, बाकीचं तिथेच कुजतं. त्या बरणीतून जी माशी निघाली ती हुबेहूब पेरूवाली. बदामाच्या दहा फळांतून इतक्या माशा, की फडक्याखाली सतत गुणगुण.

पेरूची माशी खाण्याच्या बाबतीत अजिबात चोखंदळ नाही. चारशेहून जास्त वनस्पतींच्या फळांवर तिची नोंद आहे. मे-जूनमध्ये तिला आंबा आणि बदाम, जुलैपासून पेरू, पुढे सीताफळ. एक संपलं की दुसरं तयार. बार्शीकडे सीताफळाची बाग असणाऱ्यांनी शेजारचा पेरू बघावा, पेरूवाल्यांनी शेजारचा आंबा. आमच्याकडे मात्र पहिली पिढी घरच्याच सावलीत वाढत होती आणि आम्ही तिला शेजाऱ्यांची समजत होतो. पावसाळ्यात अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत साधारण महिना लागतो. जूनमध्ये पडलेला बदाम जुलैत पेरूला लागला, हा तो हिशेब.

झाड तोडायला आबांनी साफ नकार दिला, आणि खरं तर गरजही नव्हती. रोज संध्याकाळी घमेलंभर फळं वेचायची, बस.

मग काय बदललं

सगळ्यांत जास्त फरक पडला तो वेचणीने. झाडावरची टोचलेली आणि खाली पडलेली फळं एक दिवसाआड गोळा. नुसती बांधावर फेकली तर काहीच उपयोग नाही, हे मी एकदा स्टीलच्या ताटात पाहिलं. पूर्ण वाढलेली अळी अंगाचं कडं करते आणि टण्णकन उडी मारते, ताटाबाहेर वीतभर. बांधावरून ती मातीत जाणार आणि कोष होणारच. म्हणून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून, पिशवी आठवडाभर उन्हात ठेवतो. ऊन नसेल तर दोन-तीन फूट खोल खड्डा, वरून माती दाबून. शेणखताच्या उकिरड्यावर टाकणं म्हणजे माशीला पाळणाघर काढून देणं.

झाडाखालची माती वरवर चाळली, कारण पेरूच्या माशीचे कोष दोन-चार बोटांतच असतात. घरच्या कोंबड्या तिकडे सोडल्या. त्यांनी ते काम आमच्यापेक्षा मन लावून केलं.

दुसरं, फळाला पिशवी. फळ लिंबाएवढं झालं की फोमची जाळी आणि वरून पिशवी, खाली पाणी निथळायला कापा. आधी आम्ही पैसे वाचवायला नुसती फोमची जाळी घातली होती. तिच्या भोकांतून मादीने आरामात सुई घातली. पिशवी बांधायला उशीर झाला आणि फळ टोचलं गेलं असेल तर आत अळ्यांची सोय करून दिल्यासारखं होतं, म्हणून रंग उतरायच्या आधीच. मजुरी लागते, खोटं कशाला बोलू. पण पेटी आता कुणी दाबून बघत नाही.

तिसरं आमिष. मादीच्या पोटात अंडी तयार व्हायला तिला प्रथिनं लागतात. कोषातून निघाल्यावर पहिला आठवडाभर ती त्यासाठी भटकते, पानांवरचं चिकट काही, पक्ष्यांची विष्ठा, काहीही चाटते. मादीला गाठायची वेळ हीच. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम गूळ, यीस्टची जोड, आणि लेबलवर आपल्या पिकाचं नाव असलेलं कीटकनाशक लेबलवरच्याच प्रमाणात. पूर्ण झाड भिजवायचं नाही, प्रत्येक चौथ्या झाडाच्या खालच्या पानांवर मोठ्या थेंबांचा एक पट्टा. नुसता गूळ टाकला तर मधमाश्या आणि मुंगळेच जास्त येतात, त्यामुळे यीस्ट वगळू नका. पाऊस झाला की पुन्हा करावं लागतं.

कारल्याला याची एक खास तऱ्हा आहे. वेलीची माशी कारल्यात राहत नाही. ती आजूबाजूच्या उंच, दाट झाडोऱ्यात बसते, अंडी घालायपुरती वेलीवर येते आणि परत जाते. म्हणून कडेने मक्याच्या दोन ओळी लावल्या आणि आमिष मक्यावर टाकलं. संध्याकाळी मक्याच्या पानांखाली त्या रांगेने बसलेल्या दिसतात. वेलीवर औषध जवळजवळ बंद झालं, जनावरांना चाराही मिळाला.

निंबोळी अर्कही मारला, पाच टक्के. तो माशी मारत नाही, मादीला फळावर बसणं नकोसं करतो. दोन कोरडे दिवस मिळाले तर उपयोग दिसतो, झड लागली की धुऊन जातो.

आणि बहार. पाऊस काळात पिकणारा आंबे बहार म्हणजे माशीला निमंत्रण. अर्ध्या बागेला आता एप्रिल-मेमध्ये ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा फुलोरा, धरतो. फळ नोव्हेंबर ते जानेवारीत, थंडीत येतं, तेव्हा पेरूची माशी मंदावलेली असते. सगळी बाग फिरवली नाही, कारण पावसाळ्यातला पेरूचा पैसा शाळेच्या फीच्या वेळेला येतो.

गेल्या पावसाळ्यात पेरूत अळी अजिबात नव्हती असं नाही. पेटीमागे एखादं फळ निघालंच, तेही बहुतेक पिशवी फाटलेलं.

बोराचं थोडं निराळं

बोराच्या माशीला बोरवर्ग सोडून दुसरं काही चालत नाही. म्हणून तिथे बदाम-पेरूचा विचार करायचाच नाही, बोराटी बघायची. ओढ्याच्या काठची, बांधावरची, कुणी न लावलेली चण्या बोरांची झुडपं. बागेत एप्रिल-मेमध्ये छाटणी झाल्यावर झाडाखालची माती वीतभर चाळून उलथली, म्हणजे खोल गेलेले कोष उन्हात येतात. पहिली फवारणी बोर वाटाण्याएवढं झाल्यावर. आम्ही ती बोराला लाली आल्यावर करायचो.

आमची बोराटी काढली. राहिली शेजारच्या अण्णांच्या बांधावरची. ती तोडायचा विषय काढला तर ते म्हणाले, "आमच्या म्हातारीचा गड्ड्याचा धंदा हाय त्यो." गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. तिथे त्यांच्या आई चण्या बोरांची पाटी लावतात, किती वर्षं झाली कुणाला आठवत नाही. मग असं ठरलं: झुडपं राहतील, पण खाली एक बोर राहणार नाही. यात्रेआधी दोन दिवस आमच्या घरची सगळी माणसं त्यांच्या बांधावर. चांगली बोरं म्हातारीच्या पाटीत, किडकी आमच्या पिशवीत.